सुरकुत्या हव्या तशा कशा पाडाव्यात: कडक थर, मऊ थर आणि त्यांच्यातला हिशेब

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पीडीएमएसची (हे एक मऊ, पारदर्शक सिलिकॉन रबर) पट्टी ताणून धरायची, तिच्यावर पातळ कडक थर चढवायचा आणि ताण सोडायचा, की पट्टी आकसते, वरचा थर दाबला जातो आणि सुरकुत्या उमटतात. पण तुमचे दोन नमुने एकसारखे येत नाहीत. तरंगलांबी, म्हणजे शेजारच्या दोन सुरकुत्यांमधलं अंतर, बदलते, रेघांना मध्येच वायसारखे फाटे फुटतात आणि रेघांना काटकोनात भेगा जातात. जास्त दाबलं तर सुरकुत्या बारीक होतील म्हणून तुम्ही ताण वाढवत गेलात, तर भेगाच वाढल्या. पुढे तुम्हाला मऊ पदार्थात अनेक कडक थर पुरलेला नमुना करायचा आहे आणि तिथेही नक्षी हातात राहायला हवी आहे.

या कामात नवीन आलेला प्रत्येक जण आधी दाबाच्या स्क्रूला हात घालतो. मीही तेच केलं होतं. पण सुरकुत्यांचा आकार बहुतांशी स्क्रू फिरवण्याआधीच ठरलेला असतो. दाबण्याचं काम फक्त तो उघड करण्याचं. म्हणून तुमचा प्रश्न मी उलट्या टोकाने सोडवतो: दाब बाजूला ठेवू आणि आधी थरांकडे बघू.

कडक थर दबला की त्याला वाकून सुटका करून घ्यायची असते. वाकायचंच तर लांबरुंद, संथ लाटेत वाकणं त्याला स्वस्त पडतं, कारण छोट्या लाटेत वक्रता जास्त आणि वक्रतेची किंमत मोठी. खालच्या मऊ थराचं याच्या उलट असतं. लाट जितकी लांब तितका तो खोलपर्यंत ओढला-ढकलला जातो, म्हणून त्याला छोटी लाट परवडते. दोघांच्या ओढाताणीत जिथे एकूण ऊर्जा सर्वांत कमी, ती तरंगलांबी निवडली जाते. सूत्र शब्दांत लिहायचं तर:

तरंगलांबी = २ × पाय × थराची जाडी × घनमूळ (कडक मॉड्युलस ÷ ३ × मऊ मॉड्युलस)

मॉड्युलस म्हणजे पदार्थ किती कडक आहे याचं माप. कंसातला भागाकार 'कडक भागिले मऊच्या तिप्पट' असा वाचायचा. दोन्ही ठिकाणी साधं यंगचं मॉड्युलस टाकायचं नाही. त्याला 'एक वजा पॉयसन गुणोत्तराचा वर्ग' याने भागून टाकायचं (पदार्थ एका दिशेने ताणला की आडवा किती आकसतो, त्याचं प्रमाण म्हणजे पॉयसन गुणोत्तर). पीडीएमएससारख्या जवळजवळ असंपीड्य (दाबून आकारमान न घटणाऱ्या) पदार्थात हा भाजक ०.७५ होतो, त्यामुळे तो विसरला तर फरक जाणवतो.

एक उदाहरण आकड्यांनी करू. १०० नॅनोमीटर जाडीची पॉलिस्टायरीन फिल्म घेऊ, मॉड्युलस ३.४ गिगापास्कल. खाली २ मेगापास्कलचं पीडीएमएस. भाजक लावले की साधारण ३.८ गिगापास्कल आणि २.६७ मेगापास्कल होतात, गुणोत्तर १४२५. त्याचा तिसरा भाग ४७५, घनमूळ ७.८. तरंगलांबी आली ४.९ मायक्रोमीटर. या हिशेबात तुम्ही नमुना किती दाबला याचा उल्लेखच नाही, तो येतो उंचीच्या सूत्रात. स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत लांबी किती टक्के बदलली ते. सुरकुत्या सुरू व्हायला लागणारा किमान स्ट्रेन, म्हणजे क्रांतिक स्ट्रेन, इथे ०.४१ टक्के आहे (त्या ४७५ च्या घनमुळाचा वर्ग करून त्याने पाव भागायचा). लाटेचा आयाम (मधल्या पातळीपासून शिखरापर्यंतची उंची) म्हणजे जाडी गुणिले (प्रत्यक्ष स्ट्रेन ÷ क्रांतिक स्ट्रेन, वजा १) याचं वर्गमूळ. २ टक्के दाबलं की आयाम सुमारे २०० नॅनोमीटर, शिखर ते दरी ४०० नॅनोमीटर. ४ टक्के दाबा, सुरकुत्या तेवढ्याच राहतील, फक्त उंच होतील.

हे 'तेवढ्याच राहतील' थोड्या स्ट्रेनपुरतं खरं आहे. सब्स्ट्रेट, म्हणजे खालचा मऊ आधार, आधीच भरपूर ताणून ठेवला असेल तर सोडल्यावर सगळ्या लाटा बाजाच्या भात्यासारख्या एकत्र दाबल्या जातात. ३० टक्के पूर्वताणाला तरंगलांबी सुमारे पाव भागाने कमी होते. जॉन रॉजर्स यांच्या गटाने २००६ मध्ये रबरावर सिलिकॉनच्या नागमोडी पट्ट्या करून ताणता येणारं इलेक्ट्रॉनिक्स दाखवलं, तेव्हा हा भात्याचा परिणाम नीट मोजावा लागला. तुम्ही ताण वाढवल्यावर सुरकुत्या जराशा बारीक दिसल्या असतील तर त्या यामुळे. पण बारीक सुरकुत्या हव्यात म्हणून हा मार्ग धरणं म्हणजे दार सोडून खिडकीतून घरात शिरणं. जाडी कमी करा. तरंगलांबी जाडीच्या सम प्रमाणात आहे आणि मॉड्युलसच्या फक्त घनमुळाच्या. जाडी निम्मी केली की तरंगलांबी निम्मी. तेच मॉड्युलस बदलून करायचं तर आठपट फरक लागेल.

याच कारणाने नमुन्या-नमुन्यातली गडबड शोधताना पहिला संशय जाडीवर घ्यावा. जाडी १० टक्के चुकली तर तरंगलांबी १० टक्के चुकते, मॉड्युलस १० टक्के चुकलं तर तीनच टक्के. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतल्या स्टॅफर्ड आणि सहकाऱ्यांनी हेच सूत्र उलटं वापरलं: जाडी आणि तरंगलांबी मोजा, पातळ फिल्मचं मॉड्युलस काढा. पण तिथे तरंगलांबीचा घन होतो, म्हणून मोजमापातली छोटी चूक तिप्पट होऊन अंगावर येते. उलट दिशेने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता एक गोष्ट, जी सूत्रात उघड दिसते तरी वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्याही नजरेतून निसटते. क्रांतिक स्ट्रेनच्या सूत्रात जाडी नाही. थर ५० नॅनोमीटरचा असो की ५०० चा, सुरकुत्या त्याच स्ट्रेनला सुरू होणार. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळ्या कळा आहेत. 'सुरकुती केवढी' हे जाडीने ठरवा, 'सुरकुती कुठे आणि कधी' हे मॉड्युलसच्या फरकाने. एका भागात सुरकुत्या हव्यात आणि शेजारी सपाट पृष्ठभाग हवा असेल, तर शेजारचा थर जाड करून काही साधत नाही, तिथे फक्त मोठ्या लाटा येतील. मास्क लावून काही भागाचंच ऑक्सिडीकरण करा किंवा सपाट हव्या त्या जागी खालचा थर जास्त कडक ठेवा. पहिल्या मार्गात झाकलेल्या भागावर कडक कातडी तयारच होत नाही, दुसऱ्यात क्रांतिक स्ट्रेन इतका वर जातो की तुमच्या कामाच्या मर्यादेत तिथे काही उमटत नाही.

ऑक्सिडीकरणाचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबतो, कारण माझा अंदाज आहे की तुमच्या निम्म्या अडचणी तिथल्याच आहेत.

पीडीएमएसवर ऑक्सिजन प्लाझ्मा किंवा अतिनील-ओझोन दिला की वरची कातडी काचेसारखी होते. सोय मोठी आहे, फिल्म वेगळी बनवून चिकटवावी लागत नाही. पण ही कातडी वरून खाली हळूहळू मऊ होत जाते, तिला 'इथे संपली' अशी रेघ नसते. त्यामुळे सूत्रात टाकायला तुमच्याकडे एक जाडी नसते आणि एक मॉड्युलसही नसतं. सूत्र इथे कल सांगतं, आकडा सांगत नाही. मी प्रत्येक यंत्रासाठी वेळ विरुद्ध तरंगलांबी असा आलेख एकदा काढून भिंतीवर लावतो आणि पुढे त्यावरच विसंबतो. दुसऱ्याच्या यंत्रावरचे 'इतके वॅट, इतकी मिनिटं' उचलून आणू नका. कक्षाचा आकार, दाब, नमुना कुठे ठेवला, सगळ्याने फरक पडतो.

प्लाझ्माचा दुसरा उपद्व्याप उष्णतेचा. एकदा मी ताणलेली पट्टी चिमट्यासकट कक्षातून बाहेर काढली आणि ताण सोडण्याआधीच तिच्यावर इंद्रधनुषी झाक दिसली. कक्ष घाण झाला असेल म्हणून दोन दिवस साफसफाईत गेले. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रेघा ताणाच्या दिशेने धावत होत्या, म्हणजे मला हव्या त्याच्या बरोबर काटकोनात. कारण साधं निघालं. पीडीएमएस तापल्यावर दर अंशाला सुमारे लाखात ३० भाग प्रसरण पावतं. प्लाझ्मात पट्टी तापून फुगली, त्या फुगलेल्या अवस्थेत कातडी तयार झाली, बाहेर काढल्यावर पट्टी थंड होऊन आकसली. लांबी चिमट्याने धरलेली, म्हणून आकुंचन गेलं रुंदीत. ३० अंश तापमानवाढ म्हणजे टक्काभर आकुंचन. काचेसारख्या कातडीचा क्रांतिक स्ट्रेन याहून बराच खाली असतो. म्हणजे ताण सोडायच्या आधीच एक नक्षी पडलेली, आणि मी तिच्यावर दुसरी पाडू बघत होतो. परिणाम अर्थातच फाटे आणि वाकड्या रेघा.

गंमत म्हणजे १९९८ मध्ये हार्वर्डच्या बाउडन, व्हाइटसाइड्स, हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी हेच मुद्दाम केलं होतं. गरम पीडीएमएसवर सोन्याची ५० नॅनोमीटरची फिल्म चढवायची आणि थंड होऊ द्यायचं. २० ते ५० मायक्रोमीटरच्या लाटा आल्या आणि या सगळ्या क्षेत्राला तिथून वेग आला. त्यांनी ठरवून केलं ते माझ्याकडून नकळत झालं. उपाय असा: प्लाझ्मा सलग न देता छोट्या हप्त्यांत द्या, मध्ये थंड होऊ द्या, पट्टीखाली धातूची जाड तबकडी ठेवा. अतिनील-ओझोन संथ आहे, पण हे तंटे कमी करतो. आणि ताण सोडण्यापूर्वी नमुना तिरप्या उजेडात धरून बघायची सवय लावा. आरशासारखा स्वच्छ दिसला तरच पुढे जा.

पीडीएमएस स्वतःही तितकं स्थिर नाही. एकास दहा मिश्रणाचं (एक भाग घट्ट करणारा घटक, दहा भाग मूळ द्रव) मॉड्युलस खोलीच्या तापमानाला घट्ट केलं तर १.३ मेगापास्कलच्या आसपास येतं आणि २०० अंशांना भाजलं तर ३ च्या जवळ. ओव्हनमधून अर्धवट बाहेर काढलेली पट्टी पुढचे काही दिवस हळूहळू कडक होत राहते. सोमवारची आणि शुक्रवारची पट्टी वेगळी वागते ती यामुळे. घनमुळामुळे तरंगलांबीला याचा फटका कमी बसतो, पण क्रांतिक स्ट्रेनला जास्त बसतो. मिश्रण वजनाने मोजा, मापाने नको, आणि एकाच तापमानाला पूर्ण घट्ट होऊ द्या.

आता दिशा. सुरकुतीचा कणा नेहमी सर्वांत मोठ्या दाबाला काटकोनात उभा राहतो. एकाच अक्षात दाब असेल तर समांतर रेघा. दोन्ही अक्षांत सारखा दाब एकदम आला तर थराला दिशा निवडायला काही कारणच उरत नाही, आणि मेंदूवरच्या वळ्यांसारखा चक्रव्यूह तयार होतो. तोच दाब एका अक्षानंतर दुसऱ्या अक्षात, असा क्रमाने सोडला की आधी समांतर रेघा पडतात, मग त्या रेघाच आडव्या वाकून सुबक नागमोडी नक्षी बनते. शेवटचा स्ट्रेन दोन्हीकडे अगदी तोच, तरी नक्षी वेगळी. ऊर्जेच्या दृष्टीने जास्त दाबाला ही नागमोडी रचनाच स्वस्त असल्याचं चेन आणि हचिन्सन यांनी २००४ मध्ये दाखवलं. क्रांतिक बिंदूच्या अगदी जवळ मात्र बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटी रचना स्वस्त पडते. तरीही एकदम सोडलेला नमुना बहुधा चक्रव्यूहात अडकतो, कारण तिथून बाहेर पडायला असंख्य रेघांना एकाच वेळी जागा बदलावी लागते. शेवटची अवस्था ठरवते ती वाट, नुसतं मुक्कामाचं ठिकाण नव्हे.

फाट्यांची गोष्टही तिथलीच. ताण झटक्याने सोडला की शेकडो ठिकाणी सुरकुत्या एकाच वेळी सुरू होतात. प्रत्येक गटाची लय थोडी पुढेमागे. दोन गट भेटतात तिथे इकडच्या पाच रेघांना तिकडच्या सहा जुळवायच्या असतात, आणि एक फाटा फुटतो. धुळीचा कण, बुडबुडा, चिमट्याजवळची वळी, यांभोवतीही तेच. फाटे शून्यावर आणता येत नाहीत, कमी मात्र पुष्कळ करता येतात. क्रांतिक स्ट्रेनच्या आसपासचा टप्पा जितका संथ घ्याल तितकं चांगलं. आमच्या उदाहरणात ०.४ टक्का म्हणजे ५० मिलिमीटरच्या पट्टीत फक्त ०.२ मिलिमीटर, म्हणजे हाताने स्क्रू फिरवताना पहिल्याच झटक्यात तुम्ही तो टप्पा ओलांडून जाता. सूक्ष्म आट्यांचा स्क्रू किंवा मोटर लावा, क्रांतिक बिंदूच्या थोडं पुढे थांबा, परत थोडं ताणून सपाट करा, पुन्हा सोडा. दोन-चार फेऱ्यांत रेघा आपसात जागा जुळवून घेतात. दुसरा उपाय म्हणजे पट्टी एका टोकाकडून दुसऱ्याकडे क्रमाने सुटेल अशी व्यवस्था. मग नवी रेघ आधीच्या रेघेचा हात धरून उमटते.

हे डोळ्यांदेखत बघायचं असेल तर लाल लेसर पुरतो. पट्टी पारदर्शक आहे, तिच्यातून ६५० नॅनोमीटरचा किरण सोडा आणि अर्ध्या मीटरवर पांढरा कागद धरा. ४.९ मायक्रोमीटरच्या रेघा जाळीचं काम करतात, मधल्या ठिपक्यापासून सुमारे ६.७ सेंटिमीटरवर पहिल्या क्रमाचे दोन ठिपके येतात. सोडता सोडता ते उजळताना दिसतात. ठिपका नेटका गोल म्हणजे रेघा समांतर आणि समान अंतरावर. कमानीसारखा पसरला तर दिशा विस्कटल्या आहेत, मध्याकडे-बाहेर लांबट झाला तर तरंगलांबीत फरक आहे. पूर्ण वर्तुळ दिसलं की समजावं, चक्रव्यूह झाला. किरण पट्टीवर इकडेतिकडे फिरवला तर मध्य आणि कडा यांतला फरकही कळतो. सूक्ष्मदर्शकात तासभर फोटो काढून जे समजतं ते इथे मिनिटभरात समजतं.

कडेचाही उपयोग करून घ्या. मोकळ्या कडेला तिच्या काटकोनातला दाब शून्य होतो, समांतर दाब उरतो, म्हणून दोन्ही अक्षांत दाबलेल्या थरात कडेजवळच्या सुरकुत्या कडेला काटकोनात उभ्या राहतात. १९९८ च्या कामात पृष्ठभागावर पायऱ्या आणि चौकटी कोरून त्यांनी रेघांना हव्या दिशेने वळवलं ते याच जोरावर. मात्र कडेचा प्रभाव ठरावीक अंतरापर्यंतच पोचतो, त्यामुळे मार्गदर्शक रेघा फार लांब ठेवल्या की मध्ये पुन्हा चक्रव्यूह डोकं वर काढतो.

भेगा. तुम्ही म्हणता त्या सुरकुत्यांना काटकोनात आहेत, म्हणजे दाबाच्या दिशेला समांतर. हे निदान सोपं आहे. समजा, पट्टी १० टक्के लांब ताणली, तेव्हा ती रुंदीत सुमारे पाच टक्के आकसली. त्या अवस्थेत तुम्ही थर चढवलात. सोडल्यावर लांबी आकसते पण रुंदी परत पाच टक्के वाढते, आणि वरचा थर रुंदीत ताणला जातो. काचेसारखा ठिसूळ थर एक-दोन टक्क्यांत फुटतो. म्हणून तुम्ही ताण वाढवलात तसतशा भेगा वाढल्या. उपाय भूमितीत आहे. पट्टी अरुंद आणि लांब घेण्याऐवजी रुंद आणि आखूड घ्या, चिमट्यांमधल्या अंतराच्या चार-पाच पट रुंद. चिमटे रुंदी आकसूच देत नाहीत, मग परत वाढायचा प्रश्न मधल्या भागात उरत नाही. दोन अक्षांचा ताणक असेल तर रुंदी धरून ठेवून एकच अक्ष सोडा. आणि मुळात विचारा की १० टक्के हवेत कशाला. २ टक्क्यांना ४०० नॅनोमीटर उंची मिळत असेल आणि कामाला तेवढी पुरत असेल, तर भेगांचा विषयच संपला.

फार पुढे दाबायचंच असेल तर पुढे काय वाट बघतंय ते थोडक्यात सांगतो. अठरा-वीस टक्क्यांच्या आसपास एकाआड एक दरी खोल होऊ लागते आणि तरंगलांबी दुप्पट होते. पुढे निवडक दऱ्या मिटून घड्या पडतात. सब्स्ट्रेट खूप पूर्वताण देऊन वापरला असेल तर दऱ्या खोल होण्याऐवजी काही शिखरंच शेतातल्या वरंब्यासारखी उंच उठतात. आणि वरचा थर खालच्यापेक्षा फारसा कडक नसेल, तर लाट येतच नाही, पृष्ठभाग थेट टोकदार दुमडतो. एकजिनसी रबरासाठी मॉरिस बिओ यांनी १९६३ मध्ये ४६ टक्क्यांना पृष्ठभाग अस्थिर होईल असं गणित मांडलं, पण प्रत्यक्षात दुमड ३५ टक्क्यांनाच पडते, कारण ती छोट्या लाटेतून वाढत नाही, एकदम उडी मारून येते. सूत्र वापरण्याआधी कडक आणि मऊ मॉड्युलसचं गुणोत्तर निदान शेकड्यात आहे ना, एवढं बघा. थर सुटून फुगे येत असतील तर तो चिकटण्याचा प्रश्न आहे. साधारण नियम असा की खालचा थर जितका कडक तितकी सुरकुतीआधी थर सुटण्याची शक्यता जास्त.

आता तुमचा पुढचा बेत, पुरलेल्या थरांचा. एकच कडक थर दोन्ही बाजूंनी मऊ पदार्थात असेल तर आधार दुप्पट होतो, सूत्रातल्या ३ च्या जागी ६ येतात. आमच्या उदाहरणात तरंगलांबी ४.९ वरून ३.९ मायक्रोमीटरवर येते आणि क्रांतिक स्ट्रेन ०.४१ वरून ०.६५ टक्क्यांवर जातो. इथवर सोपं आहे. खरी मौज थर एकमेकांची चाहूल घेऊ लागतात तेव्हा. लाटेने मऊ पदार्थात केलेली हालचाल खोलीबरोबर झपाट्याने विरते: एक तरंगलांबी दूर ती दीड टक्क्याहून कमी उरते, पण अर्ध्या तरंगलांबीवर अजून सुमारे १८ टक्के असते. म्हणून थरांमधलं अंतर तरंगलांबीहून बरंच जास्त ठेवलंत तर प्रत्येक थर एकटा असल्यासारखा वागेल, त्याची लय शेजाऱ्याशी जुळेलच असं नाही. अंतर अर्ध्यावर आणलंत की सगळे थर एका लयीत, एकाखाली एक डोलतात. आणखी जवळ आणलंत तर थर वेगवेगळे वाकायचं सोडून सगळा गठ्ठा मिळून लांबलचक लाटेत वाकतो, इतक्या लांब की ती नमुन्याच्या मापावर ठरते. तंतू-संमिश्रांच्या (मऊ पदार्थात कडक तंतू पुरलेल्या पदार्थांच्या) दाबाखालच्या ताकदीसाठी रोझेन यांनी १९६५ मध्ये मांडलेला कर्तनाचा प्रकार, म्हणजे सगळे तंतू एकत्र वाकतात आणि मधला मऊ पदार्थ तिरपा सरकतो तो, याच कुळातला. नियंत्रित नक्षी हवी असेल तर या तिसऱ्या प्रदेशात शिरू नका, तिथे नमुन्याची टोकं आणि पकडच नक्षी ठरवू लागतात.

असे पुरलेले थर त्रिमितीय छपाईने केले तर त्या बहुपदार्थी नमुन्यात आणखी एक कळ हाती येते, ती वेगाची. प्रकाशाने घट्ट होणारी बहुतेक रेझिनं चिकट-लवचिक असतात, म्हणजे भरभर दाबलं तर कडक आणि सावकाश दाबलं तर मऊ वागतात. कडक थर वेगाला जास्त प्रतिसाद देणारा असेल तर वेग वाढवल्यावर गुणोत्तर वाढतं आणि तरंगलांबी लांबते. मऊ पदार्थ जास्त प्रतिसाद देणारा असेल तर उलट. त्यामुळे त्याच नमुन्यातून, भूमिती न बदलता, वेगवेगळ्या तरंगलांबीची नक्षी काढता येते. पण याचीच दुसरी बाजू अशी की दाबायचा वेग नोंदवला नसेल तर तुमचा कालचा आणि आजचा आकडा जुळणार नाही, आणि तुम्ही पुन्हा थराच्या जाडीला दोष देत बसाल. दोन्ही पदार्थांची वेगवेगळ्या वेगांना साधी ताण-चाचणी आधी करून घ्या. दाबून झाल्यावर नमुना तसाच धरून ठेवला तर ताण हळूहळू ओसरतो, मात्र एकदा निवडली गेलेली तरंगलांबी सहसा तशीच राहते. तेव्हा वेग सांभाळायचा तो सुरकुती सुरू होते त्या क्षणाला, नंतर घाई केली तरी फारसं बिघडत नाही.

तुमच्या हातात आत्ता जो एकथरी नमुना आहे त्यावर आधी हे करा: रुंद आखूड पट्टी, ३ टक्क्यांहून कमी पूर्वताण, प्लाझ्मा हप्त्यांत, सोडण्याआधी तिरप्या उजेडात तपासणी, आणि कागदावर लेसरचा ठिपका बघत बघत संथ सोडणं. लागोपाठ पाच पट्ट्यांचे ठिपके एकाच जागी पडले की मग पुरलेल्या थरांकडे वळा. आणि तिथला पहिला नमुना दोनच थरांचा करा, मधलं अंतर तरंगलांबीच्या निम्मं ठेवून.